एकास साठ

फोन आला तेव्हा चुडामणच्या दातांत दोरा होता. टेबलावरच्या छोट्या लाकडी गुराबेच्या मधल्या डोलकाठीला आधाराच्या दोऱ्या बांधायचं काम चाललं होतं, आणि त्या कामाला दोन हात पुरत नाहीत, दातांनाही कामाला लावावं लागतं. म्हणून त्याने फोन खांद्यावर धरून नुसतं "हं" म्हटलं. पलीकडचा माणूस मुंबईहून बोलत होता, मुलाच्या जहाज कंपनीच्या कचेरीतून, आणि फार मऊ आवाजात बोलत होता. आपण हितेंद्र यांचे वडील का, आपण बसलेले आहात का, जवळ आणखी कोणी आहे का. मग म्हणाला, "सर, आज सकाळी हितेंद्र ड्युटीवर आले नाहीत. सगळं जहाज शोधलं. ते जहाजावर आढळले नाहीत." चुडामणने दातांतला दोरा काढला. 'आढळले नाहीत' हा शब्द त्याला ओळखीचा वाटला. जुन्या आरमारावर वाचताना हाच शब्द त्याला सारखा भेटायचा. अमुक जहाजाचे अवशेष आढळले नाहीत, तमुक बंदराचा नकाशा आढळला नाही. "जहाजावर नाहीत, म्हणजे मग कुठे आहेत?" त्याने विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "शोध चालू आहे सर. जहाज मागे वळवलंय." आणि तेव्हा चुडामणच्या तोंडून जे निघालं त्याची त्याला पुढे कित्येक महिने लाज वाटत राहिली. त्याने विचारलं, "तुमच्या जहाजाचा कठडा केवढा उंच आहे?"

लताबाई स्वयंपाकघरात भरताची वांगी भाजत होत्या. धुरकट गोडसर वास घरभर पसरला होता. त्या पदराला हात पुसत दारात आल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि धुळ्याकडची माहेरची बोली, जी त्या जळगावात कधी शेजारणींसमोरही बोलत नसत, ती तोंडातून बाहेर पडली. "काय व्हयनं? कोना फोन व्हता?" चुडामणने सांगितलं. सांगताना त्याने तोच कचेरीतला शब्द वापरला, कारण दुसरा कुठला वापरायचा ते त्याला कळेना. लताबाई म्हणाल्या, "त्याले पोहता येस ना." आणि आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. वांगं अर्धं कच्चंच राहिलं.

मेहरूण तलावापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर होतं. आयटीआयमध्ये ड्रॉईंग शिकवण्यात चुडामणचं आयुष्य गेलं होतं. यंत्राचा कुठलाही भाग समोरून, वरून, बाजूने कसा दिसेल हे तो फळ्यावर एका दमात काढून दाखवी. जहाजांचं वेड त्याला कसं लागलं हे लोक विचारत, कारण खानदेशात समुद्र नाही, तापीला पूर आला तरच काय तो पाण्याचा विस्तार दिसायचा. तो हसून सोडून देई. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतंच. पहिल्यांदा कोकणात सहलीला गेला असताना एका किल्ल्याच्या तटावरून त्याने पाणी पाहिलं आणि त्याला भीती वाटली होती. एवढं मोठं काहीतरी, आणि त्याला बाजू नाही, काटकोन नाही, कुठून मोजायला सुरुवात करावी हे कळत नाही. त्या पाण्यावर लाकडाची वस्तू घेऊन जाणारी माणसं कोण असतील, या विचाराने तो परतीच्या बसमध्ये गप्प बसून होता. मग वाचन सुरू झालं. गुराब म्हणजे आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, एवढं पुस्तकांत असे. पण तिच्या बरगड्या किती जाड, फळ्या एकीवर एक चढवलेल्या की कडेला कडा लावलेल्या, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बांधणाऱ्यांना कागदाची गरज नव्हती. जे कागद होते ते शत्रूकडचे, परक्या चित्रकारांनी लांबून काढलेले, आणि शत्रू लांबून बघतो तेव्हा त्याला तोफा दिसतात, सांधे दिसत नाहीत. चुडामण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत रत्नागिरी, मालवणकडे जाई. होड्या बांधणाऱ्या सुतारांजवळ बसून राही. ग्रंथालयांना पत्रं लिही. सागाच्या ढलप्या तासून, बारीक फळ्या वाफेवर वाकवून एकास साठ या प्रमाणात जहाज उभं करी, आणि एखादं नवं चित्र हाती लागलं की अर्धं बांधलेलं पुन्हा उकली. गुराबेची नाळ, म्हणजे टोकाचा भाग, पुढे लांब, बसकी निघालेली असे. लाट तिच्यावर चढायची आणि दोन्ही बाजूंनी ओघळून जायची. तिथे कठडा नसे. हे शोधून काढायला त्याला बराच काळ लागला होता, आणि ज्या दिवशी खात्री पटली त्या दिवशी त्याने लताबाईंना पेढे आणायला लावले होते. कठडा नाही या गोष्टीचे पेढे.

जहाज दोन दिवस त्याच पाण्यात फिरलं. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या जहाजांनाही नजर ठेवायला सांगितलं होतं. कंपनीने समुद्रातल्या जागेचे अक्षांश-रेखांश पाठवले, आणि चुडामणने भिंतीवरच्या नकाशात मॉरिशसच्या वरच्या अंगाला पेन्सिलने टिंब केलं. नुसता निळा रंग. आजूबाजूला एक अक्षर छापलेलं नाही. टिंब करताना त्याला वाटलं, हे टिंब एवढंसं असलं तरी त्याच्यात सगळं जळगाव मावेल, शेजारचं नशिराबादही मावेल. मग कंपनीचा मेल आला, शोध थांबवण्यात येत आहे, आमच्या सहवेदना. लताबाईंनी तो वाचून दाखवायला सांगितला. ऐकून म्हणाल्या, "थांबवला? म्हणजे सापडला नाही अजून, एवढंच ना?" त्यांच्या बोलण्यात तर्क होता आणि चुडामणला तो मोडता आला नाही. तो मुंबईला जाऊन आला. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीत पाठवलं. चौकशी परक्या देशाकडे, कारण जहाजावर झेंडा त्या देशाचा. जहाज एकाचं, चालवणारा दुसरा, माणसं भरणारा तिसरा. लाकडी जहाजात कुठली फळी कुठल्या बरगडीला ठोकली आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. या जहाजाला हात लावावा अशी जागाच सापडत नव्हती. सगळे सौजन्याने बोलत होते. पाण्याचा ग्लास पुढे करत होते. परतीच्या गाडीत भुसावळकडचा एक प्रवासी त्याला विचारत राहिला की कशासाठी गेला होता, आणि तो म्हणाला, "मुलाच्या कामासाठी."

जहाजाचा आराखडा द्या, एवढं त्याने मागितलं होतं. सर्वसाधारण आराखडा, कुठे काय आहे ते दाखवणारा. तो मिळणार नाही असं कळलं, तेव्हा त्याने मुलाचे फोटो काढून मांडले. हितेंद्र जहाजावरून पुष्कळ फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोत जहाजाच्या पुढे त्याचाच चेहरा असायचा. गॉगल, दाढी, दोन बोटं वर केलेली. चुडामण तेव्हा वैतागायचा. फोनवर म्हणायचा, "जरा बाजूला होऊन काढ की. मागचं काही दिसत नाही." हितेंद्र हसायचा. "पप्पा, मागे लोखंड आहे नुसतं. कोळसा नेतो आम्ही. तुमच्यासारखं नक्षीकाम नाही इथे." आता चुडामण भिंग घेऊन बसे. कानाच्या मागे कठड्याचा एक तुकडा, खांद्याच्या वर जिन्याची चार पावलं, एका फोटोत दोरखंडाचं वेटोळं. हे तुकडे जोडून तो कागदावर जहाजाचा मागचा भाग उभा करत होता, जसा परक्या चित्रांवरून गुराबेचा केला होता. एकदा लताबाई चहा ठेवायला आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. "काय शोधताय?" त्याने भिंग बाजूला केलं. त्याच्या लक्षात आलं की एवढा वेळ आपण फोटोतल्या कठड्याकडे बघत होतो. पोराच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. आजही त्याला मधून काढून टाकूनच बघत होतो.

भूपेंद्रचा फोन त्यानंतर आला. हा हितेंद्रच्या शेजारच्या खोलीत राहणारा मुलगा, शहाद्याकडचा. जहाज बंदराला लागल्यावर त्याला घरी पाठवलं होतं. "काका, तो नीट होता. रात्री जेवलो आम्ही सोबत. डाळीला चव नाही म्हणून आचाऱ्याची फिरकी घेतली त्याने. नंतर मागच्या डेकवर जाऊन बसायचा, रोजचंच होतं ते." चुडामणने विचारलं, त्या रात्री समुद्र कसा होता. "शांत होता काका. अगदी पाटीसारखा." मग चुडामणने कठड्याचा तो प्रश्न विचारलाच. "माझ्या छातीच्या थोडं खाली येतो काका, कठडा." चुडामणने आभार मानले, आईवडिलांना नमस्कार सांग म्हणाला, फोन ठेवला. शांत समुद्र, आणि छातीच्या थोडं खाली. एवढ्या उंचीवरून माणूस घसरत नाही. चढावं लागतं. किंवा कुणीतरी उचलावं लागतं. किंवा वाकावं लागतं, खूप वाकावं लागतं, खाली काही पडलं म्हणून, काही दिसलं म्हणून. तीन वाटा होत्या आणि तिन्हींच्या तोंडाशी तो उभा होता, आणि एकीतही पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती. जुन्या गोष्टींत एखादं माप मिळालं की दहा गोष्टींचा उलगडा होतो, अशी त्याची आयुष्यभराची समजूत. हे माप मिळालं आणि सगळंच अंधारात गेलं. लताबाईंना त्याने सांगितलं, "मित्र होता त्याचा. चौकशी करत होता."

त्याला स्वतःला मात्र एका गोष्टीची खात्री होती, आणि ती खात्री त्याने दुखऱ्या दातासारखी जिभेने चाचपत ठेवली होती. पोरगा समुद्रावर गेला तो आपल्यामुळे. ज्या घरात पाळण्यापासून जहाजं टांगलेली, तिथला मुलगा आणखी कुठे जाणार? हितेंद्र लहान असताना त्याने एक छोटं गलबत मेहरूण तलावात सोडून दाखवलं होतं. काठावर भेळेच्या गाड्यांपाशी लोक जमले होते. गलबत थोडं पुढे गेलं, कलंडलं, शीड भिजून जड झालं आणि आडवंच पडून राहिलं. चुडामण पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला होता. मागे वळून पाहिलं तर पोरगं काठावर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. या टाळ्यांवर त्याने पुढची सगळी इमारत रचली होती. मुलगा बारावीनंतर मर्चंट नेव्हीचं नाव काढतो म्हटल्यावर तो रात्रभर झोपला नव्हता, आनंदाने. आयटीआयच्या स्टाफरूममध्ये सांगितलं होतं, रक्तात उतरतं शेवटी.

एका दुपारी त्याने हे लताबाईंना सांगून टाकलं. फाल्गुनातलं ऊन अंगणातल्या फरशीवर पांढरं फटक पडलं होतं. लताबाई गहू निवडत होत्या. "माझ्यामुळे गेला तो," चुडामण म्हणाला. "ही जहाजं नसती घरात तर गेला नसता." त्याला वाटत होतं की ती रडेल, किंवा चिडेल, किंवा नाही हो म्हणून हातावर हात ठेवील. लताबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "तुमच्या जहाजांमुळे?" त्या म्हणाल्या. "त्याला तुमची जहाजं कधी आवडलीच नाहीत. दर रविवारी धूळ पुसायला लावायचे तुम्ही, चिडायचा. मला म्हणायचा, मम्मी, एक दिवस सगळी बंबात घालीन." चुडामणने विचारलं, "मग गेला कशाला?" "इथून जायचं होतं त्याला. त्याचा तो यावलचा मित्र चालला होता, म्हणून हाही निघाला. तो मित्र हॉटेलच्या कोर्सला गेला असता तर हा हॉटेलात गेला असता." त्या पुन्हा निवडायला लागल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही तो. तुमचा फार विचार करायचा." चुडामण उठून बाहेरच्या खोलीत आला. भिंतीला लागून त्याची जहाजं होती, एकाखाली एक, काचेत, शिडं ताणून. अपराध तरी आपला आहे असं तो धरून चालला होता. तेवढा एक दोर हातात होता. तोही सुटला. मुलगा आला कसा, वाढला कसा, कशाला चिडला, कशाला गेला, यातल्या कशातच आपण नव्हतो, आणि तरी तो आपला फार विचार करायचा. तलावाच्या काठावर वाजलेल्या टाळ्या गलबत कलंडलं म्हणून होत्या, हे त्याला इतक्या वर्षांनी, भर दुपारी, उभ्याउभ्या कळलं. आणि त्याला हसू आलं. ते हसू इतकं विचित्र होतं की आतून लताबाईंनी हाक मारली.

वैशाखात झुलाल आबा आले. चुडामणचे थोरले भाऊ. धुळ्याजवळच्या गावी शेती बघत होते. त्यांनी आल्या आल्या पाणी मागितलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पंख्याखाली बसले. पोराची खबर आली तेव्हाही ते असेच येऊन काही न बोलता बसून गेले होते. या वेळी बोलले. "चुडामण, आते किती दिन वाट दखशी? तो तठे पानीमा अडकेल शे. त्याले वाटे लावाले जोयजे." मग त्यांनी सांगितलं. देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात. पुरा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत. त्याला नाव देतात आणि त्याला अग्नी देतात. पांझरा नदीच्या काठी सोय आहे, भटजींशी बोलून ठेवलंय. पळस आता पानांवर आला आहे. "भटजी सांगी कसं करानं ते. पन हात आपला माणूसना पाहिजे. आनि तुन्हा हात चांगला शे. तूच बनाव."

लताबाई दारामागे उभ्या होत्या. "मना पोऱ्या जित्ता शे, आबा," त्या म्हणाल्या. थोरल्या दिरासमोर एवढं सरळ त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. आबांनी मान खाली घातली. "व्हई, बाई. तसंच व्हवो," ते म्हणाले. "आला तं मी पेढा वाटसू गावमा. पन नही उना तं? त्याना जीव कोठे राही?" लताबाई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. पुष्कळ वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी गावी नेण्यासाठी पिशवी भरलेली होती. हो म्हणाल्या नाहीत. नुसती पिशवी भरली.

गावच्या घराच्या पडवीत पळसाची पानं ओल्या फडक्याखाली ठेवली होती आणि दर्भाच्या जुड्या भिंतीशी टेकवल्या होत्या. आबा भटजींना आणायला गेले होते. घरातल्या बायका चुलीपाशी, त्यांचं बोलणं हळू आवाजात चाललेलं. चुडामण मांडी घालून बसला. आजवर त्याने पुष्कळ जहाजं केली, पण त्यांच्यावर माणूस कधी ठेवला नव्हता. त्या प्रमाणात माणूस बोटाच्या पेराएवढा होतो; तो ठेवला की जहाजाचं खेळणं होतं, असं त्याचं मत होतं. आता माणूसच करायचा होता, आणि एकास एक. त्याने दर्भाच्या चार काड्या हातात घेतल्या. काड्या कडक होत्या, बोटाला कापत होत्या. त्याने नेहमीच्या सवयीने खिशातून टेप काढला, आणि तसाच थांबला. गुराबेची लांबी, डोलकाठीची उंची, नाळेचा उतार त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. त्याने हाक मारली, "लता." ती दारात आली. "हितू किती उंच होता गं?"

त्याच्या कागदांवर लिहिलेलं असणार, पण कागद सगळे मुंबईला चौकशीवाल्यांकडे. आणि लताबाईंना आकड्यांत कधी काही सांगता येत नसे. त्या पडवीच्या खांबापाशी येऊन उभ्या राहिल्या. जळगाव स्टेशनवर गाडी हलायच्या आधी त्यांनी त्याला जवळ घेतलं होतं, तसं त्यांनी कपाळ किंचित पुढे केलं, जणू शर्टाचं बटण कपाळाला लागावं. मग तिथून अंदाज घेत उजवा हात वर नेला, डोक्यावरून आणखी वर, आणि तळहात आडवा धरला. "इतका," त्या म्हणाल्या. मग हात थोडा आणखी वर केला. टाचा उचलल्या गेल्या. "नाही. इतका. मागच्या वेळी आला तेव्हा वाढल्यासारखा वाटला मला."

या वयात कोणी वाढत नाही, असं चुडामण म्हणाला नाही. तो उठला. टेपचं एक टोक त्याने जमिनीवर, तिच्या पावलांच्या समोर, रिकाम्या जागेत पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं आणि पट्टी वर नेत तिच्या तळहाताला लावली. दोघांच्या मध्ये ती पिवळी पट्टी ताठ उभी राहिली. लताबाई हात खाली घेत नव्हत्या.

"किती भरला?" त्यांनी विचारलं.

चुडामणने आकडा वाचायचा प्रयत्न केला. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, आबा भटजींना घेऊन आले असावेत. "वाचतो," तो म्हणाला, "जरा धर. तसाच धरून ठेव."